मामंजींनी विडी सोडली तेव्हा

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा माझं लग्न झालं आणि मी मुंबईहून श्रीवर्धनला राहायला आले. ह्यांची नोकरी मुंबईतच होती, पण हे तिथे आणखी काही जणांबरोबर एका खोलीत राहायचे. स्वतःची जागा मिळेपर्यंत मी सासरी राहायचं असं ठरलं. जागा मिळायला बराच काळ गेला. तोवर माझं सगळं जग म्हणजे पोफळींची वाडी, वाडीपुढचं कौलारू घर आणि त्या घरातली दोन माणसं, सासूबाई आणि मामंजी.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, मराठी शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. गाव त्यांना मास्तर म्हणायचं. उंच, हडकुळे, कानावर पांढरे केस. मी मुलीची जात असून इंटर सायन्सपर्यंत शिकले होते, याचं सासरी काय होईल याची मला धास्ती होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ओटीवर हाक मारली.

"सूनबाई, रसायनशास्त्रात तुम्हाला काय काय दाखवतात?"

मी चाचरत लिटमस कागदाचं सांगितलं. आंबट पदार्थात तो तांबडा होतो, चुन्या-सोड्यासारख्या पदार्थात निळा. ते म्हणाले, "इथे तो कागद कुठला मिळायला. दुसऱ्या कशानं दाखवता येईल का?"

मग मी अंगणातली जास्वंदीची फुलं गरम पाण्यात कुस्करली आणि ते पाणी दोन वाट्यांत ओतलं. एका वाटीत लिंबू पिळलं, दुसऱ्या वाटीत पानाच्या डब्यातला चुना कालवला. एक वाटी लालभडक झाली, दुसरी हिरवट. मामंजी किती तरी वेळ वाट्यांवर वाकून बसले होते. सासूबाई दारातून म्हणाल्या, "वाट्या घासून जागेवर ठेवा म्हणजे झालं." त्या दिवसापासून मला ते घर परकं वाटलं नाही.

मामंजींना दोन गोष्टी कायमच्या चिकटलेल्या होत्या, एक विडी आणि दुसरा दमा. सकाळचा चहा झाला की ओटीच्या कडेला बसून ते विडी शिलगावत. वाडीला पाणी लावून झालं की दुसरी. जेवण झाल्यावर, वर्तमानपत्र आल्यावर, कोणी भेटायला आल्यावर आणि कोणी निघून गेल्यावर. धोतराच्या सोग्याला, पुस्तकांच्या पानांना, अगदी त्यांच्या पंच्यालाही तो वास असायचा. आज कुठे तो वास आला तर मला पहिल्यांदा ओटीवरची ऊन पडलेली जागा आठवते, तिथे वाळत घातलेली सुपारी आठवते, आणि मग ते.

दमा मात्र पाहवत नसे. थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी त्यांची छाती भरून यायची. झोपाळ्याची कडी घट्ट धरून ते पुढे वाकून बसत आणि एकेक श्वास विहिरीतून ओढून काढल्यासारखा ओढत. सासूबाई पाठीला कोमट तेल चोळत. मी नुसती उभी राहायची.

गावात एक डॉक्टर होते. मूळचे पालीकडचे, सायकलवरून फिरायचे, आणि मामंजींशी त्यांचं चांगलं जमायचं. त्यांनी मामंजींना अमिनोफायलिनच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. दम्यानं आवळलेल्या श्वासनळ्या त्या गोळीनं सैल होतात. गोळ्या मुंबईहून हे पाठवायचे. आमच्या शेजारच्या काकूंनाही दमा होता आणि त्यांना डॉक्टरांनी तीच गोळी दिली होती. काकूंना थोड्याशा औषधानं आराम पडायचा. मामंजींना तेवढ्यानं काहीच होत नसे. डॉक्टर हळूहळू वाढवत गेले, तेव्हा कुठे काकूंच्या दुपटीहून जास्त औषधावर मामंजींची छाती मोकळी राहू लागली.

"मास्तर, तुम्हाला औषध देणं म्हणजे पुळणीच्या वाळूत पाणी ओतणं आहे," डॉक्टर म्हणायचे. "जातं कुठे काही कळत नाही."

"विडी सोडा म्हणून सांगायचं असेल तर सरळ सांगा," मामंजी म्हणायचे.

"ते तर दर खेपेला सांगतोच."

आणि दोघं हसायचे.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. पहिल्या महिन्यांत मला कशाचाच वास सहन होईना. फोडणीचा नाही, सुक्या मासळीचा तर रस्त्यावरूनही नाही, पण सगळ्यांत जास्त विडीचा. मामंजींनी काडी ओढली की मी तोंडाला पदर लावून मागच्या दारी पळायची. मी कुणाला काही बोलले नव्हते. सासऱ्यांना काय सांगणार? मला वाटायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

एका सकाळी मी चहाचा कप घेऊन ओटीवर गेले. ते नुसतेच बसले होते, हात मांडीवर ठेवून. वाडीतला गडी पायरीशी उभा होता आणि त्याच्या हातात विड्यांचं आख्खं बंडल होतं.

"मास्तर, ह्ये सगलं मला?" तो विचारत होता.

"सगळं. आणि मी परत मागितलं तर द्यायचं नाही."

गडी माझ्याकडे बघत बघत गेला. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "घरात लहान मूल येणार. धूर कशाला."

एवढंच. इतकी वर्षं डॉक्टरांच्या सांगण्यानं जे झालं नव्हतं ते माझ्या मागच्या दारी पळण्यानं झालं होतं. मी आत जाऊन चुलीपुढे बसले आणि रडले. सासूबाईंना वाटलं मला बरं नाही.

विडी सुटली तरी तंबाखूची तलफ कुठे जाते? दोन-तीन दिवसांत त्यांनी गड्याकडून तंबाखू आणि चुना मळून घ्यायला सुरुवात केली. दाढेखाली चिमूट ठेवून ते वाडीत फिरायचे. त्याचा मला त्रास नव्हता. छाती आधीपेक्षा मोकळी वाटते असंही ते म्हणाले. आम्ही सगळे खुशीत होतो.

आठवडा झाला असेल नसेल, त्यांची तब्येत बिघडायला लागली. दम्यानं नाही, वेगळंच काहीतरी. अन्नावरची वासना गेली. पोटात ढवळायचं, कधी उलटी व्हायची. झोप लागेना. हात थरथरायला लागले. सुपारी कातरायला बसले की अडकित्ता सुपारीवरून निसटायचा. एकदा बोट कापलं तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला तो पुन्हा हातात घेतला नाही. ज्या माणसाचं अक्षर पाहून गावातली मुलं गिरवायला शिकली, त्याला सही करता येईना.

"काळीज नुसतं धडधडतंय," ते मला म्हणाले. "धावत आल्यासारखं. आणि मी तर बसलोय."

येणारा जाणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, इतक्या वर्षांची सवय अशी एकदम सोडली की शरीर बंड करतंच. डॉक्टरांनाही तसंच वाटलं. त्यांनी धीर धरायला सांगितलं, ताकद येण्यासाठी एक लाल औषध दिलं. पंधरा दिवस गेले तरी उतार पडेना. शेवटी सासूबाई विडीचं एक बंडल स्वतः मागवून घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"ओढा हो एखादी. मला हे बघवत नाही."

"बाळंतपण होऊन जाऊ दे, मग बघू," ते म्हणाले. त्यांनी बंडल हातात घेतलं, वास घेतला आणि फडताळात वर ठेवून दिलं. मी माजघरातून पाहत होते. माझ्या पायी हे सगळं चाललंय ही टोचणी मला जेवू देत नव्हती.

त्यातच श्रावणातल्या पावसानं म्हसळ्याच्या अलीकडे रस्ता खचला. पावसाळ्यात बोटी बंदच असायच्या, आता एसटीही थांबली. गोळ्या एसटीनं येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर यायच्या, त्या आल्या नाहीत. घरातल्या संपल्या. डॉक्टरांकडच्याही संपत आल्या होत्या, त्या त्यांनी काकूंसाठी आणि आणखी एका म्हाताऱ्यासाठी राखून ठेवल्या, कारण मामंजींची छाती त्यातल्या त्यात बरी होती.

आम्ही दम्याचा जोर वाढायची वाट बघत बसलो. दम लागायला लागलाही, थोडा. पण बाकीचं सगळं ओसरलं. दोन दिवसांत मळमळ थांबली. त्यांनी मऊ भात मागून घेतला, वर मेतकूट घालून. दुपारी झोपाळ्यावर त्यांचा डोळा लागला तो संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेपर्यंत. उठल्यावर त्यांनी हात समोर धरून पाहिले. हात स्थिर होते. सासूबाई म्हणाल्या, "लागली एकदाची सवय मोडायला."

रस्ता दुरुस्त झाला, गोळ्या आल्या. त्यांनी नेहमीइतक्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताक द्यायला गेले तर भांडं त्यांच्या हातात टिकेना. ताक धोतरावर सांडलं. आम्ही दोघांनीही त्या सांडलेल्या ताकाकडे पाहिलं, आणि मग एकमेकांकडे.

"मामंजी," मी म्हटलं, "गोळ्या नव्हत्या तेव्हा तुम्ही बरे होतात."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. "डॉक्टरांना बोलावून घे," म्हणाले. "आणि हे तूच सांग. मी सांगितलं तर म्हणतील, मास्तरांना औषध टाळायचंय."

डॉक्टर संध्याकाळी आले. मी दाराच्या चौकटीशी उभी राहून सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी मान हलवली.

"सूनबाई, गोळ्या त्याच आहेत. किती दिवस घेताहेत ते. कधी त्रास झाला नाही."

"गोळ्या त्याच आहेत, पण विडी नाही," मी म्हटलं.

"विडी सुटल्याचाच हा त्रास असणार."

मामंजी मध्येच म्हणाले, "तंबाखू कुठे सुटली? हे काय दाढेखाली." आणि त्यांनी गालावर बोट टेकवलं.

डॉक्टरांनी मामंजींची नाडी धरली, बराच वेळ धरून ठेवली. मग स्वतःशी बोलल्यासारखे बोलू लागले. तंबाखू पोटात जातेच आहे, तेव्हा तिच्या अभावानं हे होत नसावं. गोळी जास्त झाली म्हणजे जी लक्षणं होतात ती हुबेहूब हीच, मळमळ, थरथर, धडधड, झोप उडणं. पण कालपर्यंत जेवढी कमी पडत होती तेवढीच आज जास्त कशी होईल?

"गेला तो फक्त धूर," ते म्हणाले. "धुरानं औषध कमी पडत होतं की काय? मी असं कुठे वाचलेलं नाही, मास्तर. पण आपण अर्धं करून बघू."

गोळ्या अर्ध्यावर आणल्या. आठवड्याच्या आत मामंजी वाडीत पाट वळवायला जाऊ लागले. छाती मोकळी, हात स्थिर. फडताळातलं बंडल सासूबाईंनी चुलीत घातलं. डॉक्टर आता काकूंना आणि मामंजींना जवळजवळ सारखंच औषध देत होते आणि ते दर खेपेला नवल करायचे.

त्या वर्षी थंडीत मला मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन मामंजी सकाळच्या उन्हात बसायचे, आणि मी जवळून गेले की हटकून विचारायचे, "धुराचं काय झालं असेल गं?" त्यांना उत्तर हवं होतं. वर्ग संपला तरी फळ्यापाशी रेंगाळणाऱ्या मुलासारखे ते त्या एका प्रश्नापाशी थांबले होते.

मुलगी चालायला लागली त्या सुमारास ह्यांना दादरला एक खोली मिळाली. मामंजींनी मला आणि सासूबाईंना समोर बसवलं.

"सूनबाईचं शिक्षण अर्धवट राहिलंय. ते पुरं व्हावं असं मला वाटतं."

मी सासूबाईंकडे बघायला धजेना. त्या पदरानं मुलीचं तोंड पुसत होत्या. म्हणाल्या, "पोर मी सांभाळते. पण नापास होऊन येऊ नकोस. गावात मला तोंड दाखवायचं आहे."

मी पुन्हा कॉलेजात गेले. आधी बीएस्सी, मग एमएस्सी. वर्गात मी सगळ्यांत मोठी होते आणि मुली मला ताई म्हणायच्या. सुट्टी लागली की भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडायची. दर खेपेला माझी मुलगी थोडी उंच झालेली असायची आणि थोडी लाजरी. ती सासूबाईंना आई म्हणायची आणि मला मुंबईची आई. रात्री ती माझ्याजवळ झोपायची, पण सकाळी उठली की आधी त्यांना शोधायची. त्याला इलाज नव्हता. मला ते आजही कधी कधी दुखतं.

एमएस्सी झाल्यावर मला एका प्रयोगशाळेत काम मिळालं. साठ साल उलटून गेलं होतं. शरीर औषधाचं काय करतं, हा तिथल्या सरांचा विषय होता. गिळलेलं औषध आयुष्यभर शरीरात राहत नाही. यकृताच्या पेशींमध्ये एन्झाइम असतात, विकर म्हणतात त्यांना. ते औषध मोडतात, त्याचं रूप बदलतात आणि मग ते लघवीवाटे बाहेर पडतं. एवढं मी पुस्तकात वाचलं होतं. सरांनी आम्हाला ते हातानं करून बघायला लावलं.

एका काचेच्या उपकरणात सिगारेटी जाळून त्यांचा धूर थंड बाटलीतून ओढून घेतला जायचा. बाटलीच्या तळाशी काळपट चिकट डांबर साठायचं. ते तेलात कालवून काही उंदरांना द्यायचं, काहींना नुसतं तेल, आणि काहींना तंबाखूतलं शुद्ध निकोटिन. काही दिवसांनी त्यांची यकृतं काढून बर्फात ठेवून वाटायची आणि त्या वाटणात एक औषध घालायचं. ठरावीक वेळानं औषध किती उरलं हे रंगावरून कळायचं. उरलं असेल तर नळी गडद पिवळी, संपलं असेल तर फिकी.

मी नळ्या ओळीनं लावल्या. तेलवाल्यांच्या पिवळ्या. निकोटिनवाल्यांच्याही पिवळ्याच. आणि डांबर दिलेल्या उंदरांच्या नळ्या जवळजवळ पाण्यासारख्या.

मी स्टुलावर बसले. सरांनी विचारलं, काही चुकलं का? मी नाही म्हटलं आणि त्यांना मामंजींची हकीकत सांगितली. विडी, गोळ्या, दाढेखालची तंबाखू, सांडलेलं ताक, सगळं.

"उंदराचं यकृत म्हणजे माणसाचं यकृत नव्हे," सर म्हणाले. "शिवाय तुमच्या सासऱ्यांचं औषध हे नव्हतं. सिद्ध झालं असं म्हणू नका. पण घरी जाऊन त्यांना जरूर सांगा."

त्या मे महिन्यात मी घरी गेले. आंघोळ, जेवण होईपर्यंत मामंजींनी धीर धरला. मग ओटीवर मुलीला शेजारी बसवून ते म्हणाले, "हं, सांग."

मी सांगितलं की धुरातल्या डांबरात काही जहाल द्रव्यं असतात. ती अंगात गेली की त्यांना मोडून बाहेर टाकण्यासाठी यकृत जास्तीचे एन्झाइम तयार करतं. ते एन्झाइम औषध आणि विष असा भेद करत नाहीत. समोर येईल ते मोडतात.

"म्हणजे माझी गोळी छातीपर्यंत पोचायच्या आधीच संपत होती."

"पोचायची, पण लवकर संपायची. म्हणून डॉक्टरांना वाढवावी लागली."

"आणि विडी सोडल्यावर?"

"धूर थांबला की जास्तीचे एन्झाइम थोड्याच दिवसांत कमी होतात. गोळ्या मात्र आपण तेवढ्याच देत राहिलो. त्या अंगात साठत गेल्या."

"आणि तंबाखू खाल्ली तरी तिचा उपयोग नाही, कारण ती जळत नाही. डांबर नाही."

"हो. पण मामंजी, हे उंदरांत दिसलंय. माणसात अजून आम्ही बघितलेलं नाही."

"एका माणसात आपण बघितलंय," ते म्हणाले.

ते उठले, सदरा चढवला, टोपी घातली. "चल. डॉक्टरांकडे जाऊ."

उन्हाचं कशाला, असं सासूबाई म्हणत राहिल्या, पण ते पायऱ्या उतरलेसुद्धा. दवाखान्यात दोन-चार रोगी बाकावर बसले होते. डॉक्टरांचे केस आता पिकले होते. मामंजींनी मला बोलू दिलं नाही. शाळेत धडा सांगायचे तसं त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, हातवारे करून, आणि कुठेही चुकले नाहीत. उंदराचं यकृत म्हणजे माणसाचं नव्हे, हेसुद्धा सांगायला विसरले नाहीत. बाकावरचे लोकही ऐकत होते.

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, ते वर्षभर मी स्वतःला विचारत होतो की माझं काय चुकलं." मग त्यांनी माझ्याकडे बघून मान थोडी झुकवली. मला काय करावं ते कळेना, मीही झुकवली.

त्यानंतर डॉक्टर दम्याच्या प्रत्येक रोग्याला विडी ओढतोस का हे विचारायचे, आणि कुणी विडी सोडली की त्याला आठवड्यात परत बोलवायचे. पुढच्या सुट्टीत मी गेले तेव्हा नुकतीच विडी सोडलेला जीवना बंदरावरचा एक तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य खलाशी, दवाखान्यातून कुरकुरत बाहेर पडताना दिसला. "मी बरा हाय म्हनून सांगतंय, तर ह्ये माजी गोळी कमी करतंय," तो बाहेर उभ्या बायकोला सांगत होता. डॉक्टर आतून शांतपणे म्हणाले, "बरा आहेस म्हणूनच कमी करतोय."

मामंजी त्यानंतरही काही वर्षं होते. दमा होता, पण आटोक्यात. माझ्या मुलीला पाढे त्यांनीच शिकवले. दहाव्या वर्षी ती शिकायला आमच्याकडे मुंबईला आली, तेव्हा तिची ट्रंक त्यांनी स्वतः भरली आणि बोटीपर्यंत आले. बोट सुटल्यावर ती माझा हात धरून कठड्याशी उभी राहिली. धक्क्यावर ते टोपी हातात घेऊन उभे होते, पांढरे केस वाऱ्यावर उडत होते, आणि बराच वेळ ते तिथून हलले नाहीत.